घरामागच्या उपाशी वाफ्याची व्यवस्था

दूध ओट्यावर निवत होतं, टाकीत पाणी चढत होतं, आणि मी मागच्या पायरीवर बसून चाळणीत घेवड्याची मुळं धूत होते. मुळं रात्रभर बादलीत भिजत ठेवायची आणि सकाळी बारीक धारेखाली धरून माती सोडवायची. घाई केली की केसाएवढी मुळं तुटून वाहून जातात, आणि मोजायची असतात ती नेमकी तीच. हे आत दाढी करत होते. म्हणाले, "अगं, वाफ्याचं एकदा लिहून ठेवायला हवं. आपल्यामागे कुणाकडे जायचा ते." मी म्हटलं, "मग लिहा की. कागद टेबलावर आहे, पेन खिशात आहे." तर म्हणाले, "आधी ही मुळं होऊ देत." मुळं झाली, वाळली, मोजून झाली. तो हंगाम संपता संपता हे वारले. कागद टेबलावर कोराच होता.

म्हणून आता मी लिहिते आहे.

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, हे घर आणि घरामागची जमीन यांची एकटी मालकीण, असं जाहीर करते की माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी दिलेला तसा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना त्यांनी विचारलं, "काकू, हल्ली चिडचिड फार होते का?" मी म्हटलं, "चिडचिड होत नाही, राग येतो. चिडचिड कशावरही होते. माझा राग कशावर आहे ते मला नीट माहीत आहे." त्यांनी प्रकृती उत्तम असं लिहून दिलं. मला कुणी भरीला घातलेलं नाही, दमही दिलेला नाही. वकिलांनी मसुद्यातून माझं जे जे बोलणं कायद्याला नको म्हणून खोडलं होतं, ते सगळं मी परत घातलं आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कुणी दाखवलंच तर ते खोटं समजावं आणि दाखवणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं.

वाटणीच्या आधी वाफा म्हणजे काय ते सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल म्हातारी मातीवरून भांडत बसली. मी सातवीनंतर शाळेत गेले नाही. पुढचं सगळं घरातली आणि वाचनालयातली पुस्तकं वाचून कळलं, त्यामुळे साध्या शब्दांत सांगायची मला सवय आहे.

हे संशोधन केंद्रात पिकांच्या मुळांवर काम करत. पिकाला मुख्य अन्नं तीन: नत्र, स्फुरद आणि पालाश. नत्र पाण्याबरोबर खाली वाहून जातं. स्फुरदाचं तसं नाही. ते जिथे पडलं तिथेच बसून राहतं, आणि बहुतेक वरच्या वीतभर मातीत. त्यामुळे मुळालाच उठून त्याच्याकडे जावं लागतं. जमिनीत स्फुरद नसल्यातच जमा असेल, तर कोणतं झाड आपली मुळं कुठे पाठवतं, हे बघण्यात ह्यांचा जन्म गेला. काही घेवडे मुळं सरळ खाली सोडतात आणि खुरटतात. काहींची मुळं वरच्यावर पसरतात, पंजा उघडल्यासारखी, आणि ते घेवडे कसेबसे का होईना शेंगा धरतात. ज्याला खत घेणं जमत नाही त्याच्या हातात हे दुसरं बियाणं पडावं, एवढंच ह्यांचं म्हणणं होतं.

हे बघायला अशी जमीन लागते जिला वर्षानुवर्षं स्फुरद मिळालेलं नाही. तशी जमीन विकत मिळत नाही. ती उपाशी ठेवून तयार करावी लागते. केंद्रातल्या वाफ्यावर साहेबांच्या गाड्या उभ्या राहायला लागल्या, तेव्हा ह्यांनी घरामागे, माझ्या वडिलांनी माझ्या नावावर केलेल्या जमिनीत, दुसरा वाफा धरला.

उपाशी ठेवणं म्हणजे नुसतं खत न घालणं, असं लोकांना वाटतं. करून बघा म्हणावं. भांड्यांच्या आणि कपड्यांच्या साबणात स्फुरद असतं, म्हणून मोरीचं पाणी मी मागे कधी सांडू दिलं नाही. मोरी तुंबली की बादल्या उचलून पुढच्या दाराने रस्त्यापर्यंत नेल्या. गरोदर असतानाही नेल्या. पाखरांची विष्ठा पडू नये म्हणून वाफ्यावर जाळी बांधली, आणि वाऱ्याने आलेला पाला रोज वेचला. शेजारच्या बाई दया येऊन भाजीची सालं भिंतीवरून टाकत. "तेवढंच बिचारीच्या पोटात," म्हणत, जमिनीला. सालं मी वेचून परत त्यांच्या अंगणात टाकायची. आमचं बोलणं बंद झालं ते आजतागायत. नणंद आली की वाफ्याकडे बघून म्हणायची, "वहिनी, सोन्यासारखी जमीन मारलीत तुम्ही." माझी कंबर त्या बादल्यांनी गेली आहे. हे कुणी विचारलेलं नाही, पण लिहून ठेवते.

आता वाटणी.

घर. घर मुलाला. त्याला ते विकायचं असेल तर विकावं, मला त्याचं काही नाही. मात्र वाफा घराबरोबर जाणार नाही. वाफ्याची मोजणी वेगळी करून घेतली आहे. मागच्या गल्लीतून वाफ्यात यायचं फाटक वाफ्याच्या मालकाचं राहील.

बँकेतली शिल्लक. आधी माझ्या आजारपणाचा आणि दहनाचा खर्च भागवावा. त्यानंतर वाफ्याचं कुंपण आणि जाळी यांना लागेल तेवढं बाजूला काढावं. उरेल ते सुनेला, एकटीला, तिच्या स्वतःच्या खात्यात. ती मुलाच्या हातून जाऊ नये. हे गेले त्या दिवशी सारे रडत असताना "आई, तुम्ही सकाळपासून काही खाल्लंय का?" असं विचारणारी ती एकटीच होती.

पुस्तकं. सगळी पुस्तकं वाचनालयाला. पेन्सिलीच्या खुणा माझ्या आहेत. त्या खुणांवरून तिथल्या ग्रंथपालांनी मला एकदा सगळ्यांसमोर बोल लावले होते. आता एवढं कपाट भरून खुणा येत आहेत. त्यांनी बसून खोडाव्यात.

अवजारं. पहार, फावडं, तीन चाळण्या, मुळं तरंगवायची काळी तबकं आणि मऊ कुंचले वाफ्याच्या नव्या मालकिणीला. त्यातल्या सर्वांत बारीक चाळणीची जाळी एका कोपऱ्यात सुटली आहे. ती हे शिवून आणणार होते.

तसबीर. दिवाणखान्यातली मोठी तसबीर ह्यांच्या पट्टशिष्यांना परत द्यावी. त्यांनीच ती काचेत बसवून मला भेट दिली होती. पट्टशिष्य म्हणजे आजचे केंद्राचे संचालक. आमच्या घरी जेवलेले, आमच्या पायरीवर बसून मुळं मोजायला शिकलेले. तसबिरीत काय आहे ते इथे लिहिणं भाग आहे.

ह्यांच्या दहनानंतरच्या दिवशी मी दवाखान्यात कागदांवर सह्या करायला गेले होते. परत आले तर मागच्या अंगणात केंद्रातली माणसं जमलेली. मुलगा हातात रिकामं भांडं धरून उभा होता. वाफ्याच्या पूर्वेकडच्या टोकावर करडा थर पसरला होता, आणि त्यावर फुलं. पट्टशिष्य डोळे पुसत माझ्याकडे आले.

"मॅडम, तुम्हाला त्रास नको म्हणून आम्हीच उरकून घेतलं. सर शेवटी आपल्या मातीत मिसळले."

फोटो काढणारा म्हणाला, "काकू, तुम्ही जरा मधे येता का?"

माणसाचं हाड जळून काय उरतं? चुना आणि स्फुरद. हे पट्टशिष्यांना माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये. त्यांनी डॉक्टरेट केली तीच मुळी हाडांच्या खतावर. त्यांच्या प्रबंधाची मुद्रितं मी ह्यांच्या शेजारी बसून तपासली आहेत. मी त्यांना विचारलं, "तुमची डॉक्टरेट कशावर आहे हो?" त्यांना वाटलं दुःखाने माझा तोल गेला. माझ्या मुलाला म्हणाले, "आईंना आत घेऊन जा." आणि मला माझ्याच अंगणातून आत नेण्यात आलं.

ज्या जमिनीला ह्यांनी उभ्या आयुष्यात चिमूटभर खत मिळू दिलं नाही, तिला शेवटी खत म्हणून हेच घातले गेले. ज्यांनी घातले ते ह्यांच्यावर जीव टाकणारे होते. म्हणून तर मला कुणावर नीट ओरडताही आलं नाही. रडणाऱ्या माणसाला काय बोलणार? ते आज बोलते. तुम्ही गाढवपणा केलात. तुम्हाला कळत होतं, आणि त्या दिवशी तुम्हाला ते कळून घ्यायचं नव्हतं.

पहिल्या हंगामात त्या टोकाला काहीच नीट उगवलं नाही. राख ताजी असली की खारट असते. दुसऱ्या हंगामात तिथला घेवडा गुडघ्याच्या वर गेला. पानं पंजाएवढी, शेंगांचे घोस. उरलेल्या वाफ्यात नेहमीसारखीच घोट्याएवढी, काळपट, रुसलेली झाडं. मुलगा आला, बघत राहिला, म्हणाला, "आई, बघ ना. बाबा." मीही त्याच्या शेजारी उभी राहिले. उगाच खोटं कशाला बोलू, मलाही तिथून हलवेना. मग आत गेले. मोरी तुंबलेलीच होती. बादली भरून पुढच्या दाराकडे निघाले आणि मधेच मला असा काही राग आला की ती बादली मी भिंतीवर आपटली. फुटली. साबणाचं पाणी घरभर झालं, पण मागे गेलं नाही.

पुढे पट्टशिष्य पुन्हा आले. बसले, घसा साफ केला.

"मॅडम, वाफा तसाही आता प्रयोगाला निकामीच झाला आहे. केंद्राला देऊन टाका. आपण सरांचं स्मृती-उद्यान करू. चारी बाजूंनी गुलाब, मधे हिरवळ, हिरवळीत सरांचा अर्धपुतळा."

"निकामी कुणी केला?"

"ते भावनेच्या भरात झालं सगळं."

"गुलाबांना खत लागेल का हो?"

"म्हणजे काय, लागेलच की."

"मग उठा," मी म्हटलं. ते उठले. जाताना मुलाला बाजूला घेऊन दारात बराच वेळ बोलत होते. तेव्हापासून मुलगाही हिरवळीची भाषा करतो. म्हणून हे कलम ठळक लिहावं असं मी वकिलांना सांगितलं आहे: केंद्राला, त्याच्या संचालकांना किंवा त्यांच्या नावाने येणाऱ्या कुणालाही ह्या जमिनीतली मूठभर मातीसुद्धा मिळणार नाही. त्यांना तसबीर मिळेल. काच पुसून द्यावी.

वाफा. वाफा मी खतवाल्या बाईंना देते आहे. हे नाव ह्यांनी पाडलेलं. ह्या बाई एका विद्यापीठात शिकवतात. ह्यांनी कुठेही व्याख्यान दिलं की शेवटी त्या हात वर करणार आणि विचारणार, "डॉक्टर, मुळांची एवढी कौतुकं करण्यापेक्षा पोतंभर खत सोपं नाही का?" ह्यांच्या दोन लेखांवर त्यांनी असं काही लिहिलं होतं की हे तेव्हा ताटावरून उठून गेले होते. मी त्या बाईंना कधी बघितलं नव्हतं, तरी मनात यथेच्छ शिव्या घालत होते. माझ्या रागांच्या यादीत सर्वांत जुना तो त्यांच्यावरचा.

दुसऱ्या हंगामात त्या काही न कळवता आल्या. केस बारीक कापलेले, हातात काठी. "वाईट झालं," एवढंच म्हणाल्या आणि लगेच, "वाफा बघू शकते का?" मी मागचं दार उघडलं. त्या पायरीवरून बघत राहिल्या.

"त्या टोकाला काय घातलंय?"

"हे घातलेत."

"म्हणजे?"

"ह्यांची राख."

त्यांनी काठी पायरीवर आपटली. "कुठल्या गाढवाने?"

"ह्यांच्या शिष्याने आणि माझ्या मुलाने."

"म्हणजे दोन गाढवं."

"त्यातलं एक माझं आहे," मी म्हटलं. "जरा बेताने बोला." आणि मला हसू आलं. हे गेल्यापासून मी तोवर हसले नव्हते. त्याही हसल्या, आणि मग ह्यांच्यासाठी रडल्या, आणि रडून झाल्यावर चष्मा पुसत कामाचं बोलायला लागल्या. इतरांनी हे उलट्या क्रमाने केलं असतं तरी मी माफ केलं असतं. पण इतरांचं रडणंच चाललं, कामाचं बोलणं कधी आलंच नाही.

मी विचारलं, "वाफा गेला का हो?"

"जाईल कसा? स्फुरद चालत नाही. तेवढ्या टोकाची वीतभर माती खरवडून काढा, राखेच्या पलीकडे दोन हात जास्त घ्या. बाकीचा आहे तसा आहे. हे तुमच्या संचालकांना कळत नाही?"

"कळतं."

"मग?"

"त्यांना हिरवळ हवी आहे."

मी म्हटलं, "मी गेल्यावर हा तुम्ही घ्याल का?"

"मी? अहो, मी जन्मभर त्यांना खोडून काढत आले."

"म्हणून तर. ज्यांना त्यांचं सगळं पटत होतं त्यांनी काय केलं ते दिसतंच आहे."

"मी त्यांना खोटं ठरवीन. स्पष्ट सांगते."

"खुशाल ठरवा. पण उपाशी ठेवून ठरवा."

त्या माझ्याहून वयाने बऱ्याच लहान आहेत. त्यांच्यानंतर वाफा कुणाकडे जायचा ते त्यांनी त्यांच्याकडे शिकणाऱ्या मुलींमधून ठरवावं. अट एकच. खत, शेणखत, राख, साबणाचं पाणी, फुलं, दया, यातलं काहीही वाफ्यात पडू नये.

राखेची माती. हे कलम लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. बाईंनी सांगितलं ते मी मुलाला सांगितलं. तो उभाच राहिला.

"तू बाबांना खरवडून काढणार?"

"अरे, तिथे बाबा नाहीत. तिथे स्फुरद आहे."

"तुझ्यासाठी असेल," तो म्हणाला.

माझ्या मुलाने मला कधी उलट उत्तर दिलेलं नाही. हेही उलट नव्हतं. तो शनिवारी येतो, त्या टोकाशी उभा राहतो, आणि मग चप्पल झटकून घरात येतो. मी त्याला म्हटलं, "बाबांनी हा वाफा कशासाठी ठेवला होता ते तुला ठाऊक आहे." तो म्हणाला, "ठाऊक आहे. म्हणून तर तिथे टाकली. दुसरीकडे कुठे टाकणार होतो?" त्याचं खरं होतं, आणि त्याचाही मला राग आला. ह्यांचाही आला. एका कागदावर चार ओळी लिहिल्या असत्या तर हे आम्हा मायलेकांच्या मधे असे येऊन बसले नसते.

म्हणून मधला मार्ग काढते. मी आहे तोवर ती माती जागच्या जागी राहील. माझ्यानंतर, पुढच्या पेरणीआधी, बाईंनी सांगितलेल्या खोलीपर्यंत ती काढावी, गोण्यांत भरावी, आणि सगळी मुलाला द्यावी. तिच्यात त्याने हवं ते लावावं. चांगलं येईल.

माझी राख. माझी राख कुठेही टाका. गटारात टाकलीत तरी मी विचारायला येणार नाही. वाफ्यात टाकाल तर हे सगळं मृत्युपत्र मी फुकट लिहिलं असं समजेन. फोटो काढणाऱ्याला बोलावू नये.

वरचा मजकूर मी स्वतः लिहिला, मोठ्याने वाचून दाखवला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत प्रत्येक पानावर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केल्या. दोघांनाही यातून काही मिळणार नाही. एकाने तसं हसत बोलूनही दाखवलं.

लिहून देणार: वाफ्याची मालकीण (सही)

साक्षीदार पहिला: आमचे डॉक्टर, दाखला देणारे (सही)

साक्षीदार दुसरा: कोपऱ्यावरचे शिंपी, ह्यांच्या जुन्या ओळखीचे (सही)

ठिकाण: माझ्या स्वयंपाकघरातलं खिडकीजवळचं टेबल

तारीख: शिक्क्यात आहे ती, सकाळची वेळ

पुरवणी, दुसऱ्या दिवशीची, त्याच दोन साक्षीदारांसमोर

राखेच्या मातीचं कलम मी रद्द करते आहे. काल सह्या झाल्यावर मी वकिलांना विचारलं, "मी मेल्यावर कुणी माती काढली नाही तर कायदा काय करेल?" ते म्हणाले, "काकू, बाई कोर्टात जातील. पुढचं कोर्ट बघेल." कोर्ट बघेस्तोवर तिथे हिरवळ उगवलेली असेल. आणि मी मेले की ही माणसं पुन्हा रडतील, आणि रडणाऱ्याच्या हातात कुणी फावडं देत नाही.

आज सकाळी मी मुलाला फोन केला. "आज काढते आहे," म्हटलं. तो म्हणाला, "थांब. मी येतो."

मी थांबले. तो आला. मी वाफ्याच्या पूर्वेकडच्या टोकाची वीतभर माती खरवडून काढली, दोन हात जास्तीची धरून. गोण्यांची तोंडं त्याने धरली. दमले तेव्हा फावडं त्याने घेतलं. गोण्या त्याने आपल्या गाडीत ठेवल्या आणि तो गेला. मग मी उरलेल्या वाफ्यात घेवडा पेरला. खत घातलं नाही.